अंकांचे सोबती

शाळेतील शिक्षकाचे जीवन बाहेरून पाहणाऱ्याला फारसे नवलाईचे वाटत नाही. तीच घंटा, तोच फळा, तोच खडू आणि तेच पाढे. दरवर्षी जून महिन्यात नवी मुले वर्गात येऊन बसतात, शिकतात आणि पुढल्या इयत्तेत निघून जातात. शिक्षक मात्र आपल्या जागीच असतो. अशा या साध्या, एकसुरी भासणाऱ्या जीवनातही ज्ञानाची केवढी मोठी साधना होऊ शकते, हे पाहावयाचे असेल, तर नाशिकजवळच्या देवळाली गावातील एका गणितशिक्षकाचे चरित्र समजून घेतले पाहिजे. त्या शिक्षकाचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकाठच्या डहाणू या गावी झाला. ते अवघे आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली आणि त्यांच्या संगोपनाचा सारा भार वडिलांवर पडला. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. वर्तवलेले भविष्य खरे ठरो वा न ठरो, त्यासाठी करावयाचा हिशेब मात्र चोख असावा लागतो. वडिलांच्या शेजारी बसून तो हिशेब पाहता पाहता मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ज्योतिष वडिलांपाशीच राहिले. अंक तेवढे मुलाने उचलले.

पुढे ठाणे येथे माध्यमिक शिक्षण घेत असताना गणितातील कोडी सोडवण्यात त्यांचे तासन्‌तास जात. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे एके काळी याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी १८९९ साली केंब्रिज विद्यापीठात गणितातील ‘सीनियर रँग्लर’ हा सर्वोच्च मान मिळवला होता, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय होते. त्यांच्या नावे विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी एक पारितोषिक ठेवलेले होते. १९२७ साली ते पारितोषिक कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते बी. एस्‌सी. झाले आणि लवकरच देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत त्यांनी हाच व्यवसाय केला. तीस वर्षांहून अधिक काळ एकच गाव, एकच विषय आणि हाती खडू! पदवीच्या पुढचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना मोठे ग्रंथालय. शाळेतील काम आटोपल्यावर हाती कागद व पेन्सिल घ्यावी आणि अंकांच्या संगतीत रमावे, हाच त्यांचा नित्यक्रम झाला होता.

अंकांच्या संगतीत रमणे म्हणजे काय? त्यांनी लावलेल्या एका शोधावरून ते सहज ध्यानात येईल. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक एकसारखे नसावेत. ते अंक प्रथम उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. जी वजाबाकी येईल, तिच्यावर हीच क्रिया पुन्हा करावी. मध्येच शून्य आले, तर ते गाळू नये. त्यालाही अंकाचा मान द्यावा.

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ हेच उदाहरणादाखल घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ या संख्येवर तीच क्रिया पुन्हा केली, तर काय होते? ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च येतात. पुढे कितीही वेळा वजाबाकी केली, तरी ६१७४ ही संख्या जागची हलत नाही. त्यांच्या निवृत्तीचे वर्ष १९६२ घेतले, तर दोनच पायऱ्यांत तेथे पोहोचता येते : ९६२१ − १२६९ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. कोणी कोणतीही संख्या घ्यावी, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हा मुक्काम येतोच. वेगवेगळ्या डोंगरांवरून निघालेले ओढे अखेर एकाच तळ्याला मिळावेत, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच ६१७४ या संख्येला आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. तीन अंकी संख्यांचेही असेच एक तळे आहे. ते कोणते, हे एखादी तीन अंकी संख्या घेऊन प्रत्येकाने स्वतःच शोधून पाहावे.

हे केवळ नवल म्हणून सोडून दिले, तर त्यातील अर्धा आनंद हातचा जातो. असे का होते, याचा थोडा विचार केला पाहिजे. कोणत्याही संख्येला ९ ने भागले असता जी बाकी उरते, तीच बाकी त्या संख्येच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागले असताही उरते. आपल्या वजाबाकीतील दोन्ही संख्यांचे अंक तेच असतात. केवळ त्यांचा क्रम निराळा असतो. तेव्हा दोन्ही संख्यांची बाकी सारखीच असणार, आणि एकीतून दुसरी वजा केली की ती बाकी नाहीशी होऊन उत्तराला ९ ने पूर्ण भाग जाणार. वरील साती उत्तरे तपासून पाहिली, तर प्रत्येकाच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ भरते, ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट आहे. ९५१० आणि ९६२० या दोन संख्या पाहा. दोहोंतील पहिल्या व शेवटच्या अंकांतील फरक ९ आहे आणि मधल्या दोन अंकांतील फरक ४ आहे. दोहोंची वजाबाकीही एकच, म्हणजे ९३५१, येते. याचा अर्थ असा, की उत्तर त्या चार अंकांवर अवलंबून नसून केवळ या दोन फरकांवर अवलंबून असते. आणि अशा फरकांच्या जोड्या फक्त ५४ होतात. चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या ८९९१ आहेत. त्या साऱ्या एकेक करून तपासण्यास कित्येक दिवस लागतील. पण ५४ जोड्या एखाद्या रविवारी दुपारी बसूनही तपासता येतात. गणितात श्रम तर हवेतच, परंतु श्रमांच्या आधी थोडा विचार केला, तर ते किती हलके होतात, हे यावरून दिसते.

१९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी आपला हा शोध विद्वानांपुढे मांडला. पुढे १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या परदेशी नियतकालिकात त्यावरील त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले.

कापरेकरांनी संख्यांचे आणखीही कितीतरी गुण हेरले. ४५ या संख्येचा वर्ग २०२५ आहे. त्याचे मधोमध दोन भाग केले आणि त्यांची बेरीज केली, तर २० + २५ = ४५, म्हणजे मूळचीच संख्या परत मिळते. ५५ चा वर्ग ३०२५; तेथेही ३० + २५ = ५५. ७०३ चा वर्ग ४९४२०९; आणि ४९४ + २०९ = ७०३. अशा संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ असे म्हणतात.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद संख्या’, म्हणजे आनंद देणारी संख्या, असे गोड नाव दिले. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या नावाशी निगडित असलेली १७२९ ही संख्यादेखील हर्षद आहे; कारण तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ = १७२९.

एका प्रकारच्या संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावर सुचली. म्हणून त्या स्थानकाच्या ‘डेमलो’ या जुन्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटले. गाडीची वाट पाहताना बहुतेक माणसे कंटाळतात. कापरेकरांना तेथेही करमणुकीचे साधन मिळाले, कारण ते साधन त्यांच्या मनातच होते. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१. पायऱ्या चढून पुन्हा उतरावे, तशा दिसणाऱ्या या संख्या त्या डेमलो कुळातल्याच आहेत.

‘स्वयंभू संख्या’ ही त्यांची कल्पना तर मोठीच मनोहर आहे. २३ या संख्येत तिचेच अंक मिळवले, की २३ + २ + ३ = २८ होतात. म्हणून २३ ला २८ चा जनक म्हणावयाचे. २८ पासून याच रीतीने ३८ आणि ३८ पासून ४९ जन्मास येतात. काही संख्यांना दोन जनक असतात. १०१ ही संख्या ९१ पासूनही मिळते आणि १०० पासूनही मिळते. परंतु २० या संख्येचा जनक कितीही शोधला, तरी सापडत नाही. ज्यांना जनकच नाही, अशा या संख्या स्वयंभू होत. पहिल्या शंभरात त्या तेराच आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. या संख्यांविषयीचे पुस्तक कापरेकरांनी १९६३ साली, म्हणजे निवृत्तीनंतर, देवळालीहूनच प्रसिद्ध केले.

एवढे सारे करूनही विद्वानांच्या सभेत कापरेकरांचा गौरव झाला, असे मात्र नाही. आपल्या देशातील अनेक गणितज्ञ त्यांच्या कामाला हसत. हे गणित नव्हे, हा पोरखेळ आहे, असे त्यांना वाटे. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते, असेही नाही. आपण संख्या दशमान पद्धतीने लिहितो, म्हणून ६१७४ मध्ये हा गुण दिसतो. लिहिण्याची पद्धत बदलली, तर हा गुण राहत नाही. मोठे गणित जे सत्य शोधते, ते असे लिहिण्याच्या रीतीवर अवलंबून नसते. शिवाय अशा शोधांनी पूल उभारले जात नाहीत, की यंत्रे चालत नाहीत. मोठ्या गणितज्ञांनी ही बाजू पाहिली आणि ते पुढे गेले.

परंतु दुसरी एक बाजूही होती. गणिताची गोडी लागावयास प्रथम संख्यांविषयी कुतूहल वाटावे लागते. ते कुतूहल जागे करण्याचे सामर्थ्य या शोधांत होते. गुणाकार आणि वजाबाकी येणारा कोणताही मुलगा वा मुलगी या अंगणात पाऊल टाकू शकते आणि तेथून थेट अशा प्रश्नांपाशी पोहोचते, की ज्यांचा विचार करताना मोठ्यांनाही थांबावे लागते. चारांऐवजी पाच किंवा सहा अंक घेतले तर काय होईल? दहाऐवजी दुसऱ्या एखाद्या पायावर संख्या लिहिल्या तर? या प्रश्नांवर पुढील काळात अनेक गणितज्ञांनी निबंध लिहिले. ज्याला पोरखेळ म्हटले गेले, त्यातूनच अभ्यासाच्या नव्या वाटा फुटल्या.

हसणाऱ्यांशी कापरेकर भांडत बसले नाहीत आणि त्यांच्यामुळे आपले काम त्यांनी थांबवलेही नाही. नियतकालिकांनी लेख स्वीकारला, तर ते तेथे छापत. न स्वीकारला, तर स्वतः पदरमोड करून लहानशी पुस्तिका काढीत. अशा कित्येक पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून त्यांचेच नाव आणि देवळालीचा पत्ता आढळतो. शिक्षकाचा पगार तो केवढा! त्यातून पैसे बाजूला काढून पुस्तिका छापावयाच्या म्हणजे घरातल्या कोणत्या ना कोणत्या गरजेला मुरड घालणे आलेच. परिषदांना जावे, आसपासच्या महाविद्यालयांतून बोलावणे आले तर तेथे जाऊन विद्यार्थ्यांना संख्यांच्या गमती सांगाव्यात, हाही त्यांचा क्रम होता. विद्यार्थ्यांचे ते आवडते शिक्षक होते, यात आश्चर्य नाही. ज्याला स्वतःला गोडी आहे, तोच दुसऱ्याला गोडी लावू शकतो.

अखेर १९७५ साली त्यांच्या नावाचा डंका सातासमुद्रांपलीकडे वाजला. मार्टिन गार्डनर हे अमेरिकेतील प्रसिद्ध लेखक ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात गणितातील गमतींवर सदर लिहीत असत, आणि जगभरातील वाचक ते आवडीने वाचत. त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या अंकात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांविषयी लिहिले. देवळालीच्या शिक्षकाचे नाव एकाएकी देशोदेशींच्या गणितप्रेमींच्या तोंडी झाले. त्या वेळी कापरेकरांचे वय सत्तर वर्षांचे होते आणि शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती.

कीर्ती आली, परंतु तिच्याबरोबर संपत्ती आली नाही. १९६६ साली पत्नीचे निधन झाल्यावर कापरेकर एकाकी पडले होते. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतनात त्यांचा निर्वाह होईना. म्हणून उतारवयातही ते गणित व विज्ञान या विषयांच्या शिकवण्या करीत. ज्यांच्या नावाचा स्थिरांक परदेशातील विद्यापीठांत चर्चिला जात होता, ते गृहस्थ देवळालीत मुलांना गणिते समजावून सांगत होते. हे वाचून वाईट वाटते, आणि वाटावयासही हवे. कारण ज्या समाजाने आपल्या शिक्षकांची उतारवयात काळजी घ्यावी, तो समाज येथे कमी पडला. तथापि अंकांवरील कापरेकरांचे प्रेम या हलाखीनेही उणे झाले नाही. १९८६ साली देवळाली येथेच त्यांचे देहावसान झाले.

आज कोणताही संगणक ८९९१ संख्या डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तपासून देतो, आणि ६१७४ पर्यंतची वाट शोधणे हे संगणकाला आज्ञा देण्यास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक नेहमीचे उदाहरण होऊन बसले आहे. परंतु संगणक सांगितलेले काम करतो. ‘हे करून पाहिले, तर काय होईल?’ असा प्रश्न मनात येणे, हे माणसाचेच काम होय. कापरेकरांची थोरवी त्या प्रश्नात आहे. त्यांच्यापाशी जे अंक होते, तेच शून्यापासून नऊपर्यंतचे अंक प्रत्येक मुलाच्या पाटीवर असतात. कापरेकरांनी एवढेच केले, की त्या दहा अंकांना क्षुल्लक मानले नाही. त्यांच्याकडे आयुष्यभर आदराने आणि आनंदाने पाहिले.

गुणांसाठी गणित सोडवणारा गुण मिळाले की थांबतो. बक्षिसासाठी सोडवणारा बक्षीस हाती आले की थांबतो. ज्याला गणितातच आनंद वाटतो, त्याला थांबण्याचे कारण उरत नाही. कोणी हसो, कोणी वाखाणो, त्याची पेन्सिल चालतच राहते. देवळालीच्या या शिक्षकाने वर्गात किती गणिते शिकवली, याची मोजदाद आता कोणी करू शकणार नाही. परंतु त्यांनी आपल्या जगण्याने दिलेला हा धडा मात्र ६१७४ या चार अंकांत कायमचा लिहून ठेवलेला आहे.